तिरकी गोळी

सून गॅरेजमध्ये बसून रायफलीची काडतुसं भरते, हे टेक्सासला आलेल्या तात्या पोतदारांच्या पचनी पडेना. आठ दिवस ते तिकडे फिरकले नाहीत. नवव्या दिवशी चहा घेऊन डोकावले, तर मृण्मयी रडकुंडीला आलेली.

“उद्या स्पर्धा आहे, तात्या, आणि गोळी पुंगळीत तिरकीच बसतेय. नेम चुकणार!”

सांगलीत चाळीस वर्षं सोनारकाम केलेल्या माणसाला तिरकं बघवेना. तात्यांनी चष्मा चढवून एक काडतूस बोटांत फिरवलं. “एका दमात दाबू नकोस. गोळी अर्धी बसव, पुंगळी अर्धा फेरा फिरव, मग पूर्ण दाब. कोंदणात खडा आम्ही असाच बसवतो.”

दुसऱ्या दिवशी स्पर्धेत तिने पाच गोळ्या झाडल्या. दुर्बिणीतून लक्ष्य बघताना तात्यांचा चेहरा उतरला. “चारच भोकं दिसतायत गं!”

“मधलं जरा मोठं आहे ना?” ती हसली. “त्यातून दोन गेल्यात.”

तात्यांनी पुन्हा दुर्बीण डोळ्याला लावून मधलं भोक निरखलं. मग म्हणाले, “पुढची स्पर्धा कधी? माझं परतीचं तिकीट पुढे ढकलता येईल.”