पिल्लं होती बरोबर

"डुकरासाठी मोठ्या भोकाची घ्या. बारीक भोकातून पहाटेच्या उजेडात काही दिसत नाही," बंदुका दुरुस्त करणारे इनासमिस्त्री म्हणाले. दुकानातल्या टेबलावर दोन पीप साइट, म्हणजे नेम धरताना डोळ्यासमोर येणाऱ्या भोकाच्या चकत्या, होत्या. अण्णांच्या माघारी माझ्याकडे आलेल्या लिव्हर रायफलच्या पाठीवरचे दोन बारीक स्क्रू त्यांनी काढले आणि तिथल्याच भोकांवर मोठी साइट बसवली.

मी दारात जाऊन समोरच्या माडावर नेम धरला. वर्षभर धूसर दिसणारी, नळीच्या टोकावरची नेमाची माशी लख्ख दिसली.

"ही भोकं आधीपासूनच होती?" मी विचारलं.

"मीच पाडलेली. तुमच्या अण्णांनी याच दारात उभं राहून माझ्याकडच्या सगळ्या साइट लावून पाहिल्या. डोळे फारच गेले होते. एकीतूनही माशी दिसेना. शेवटी म्हणाले, घरी बोलू नकोस."

मला ती वर्षं आठवली. रानडुकरांपासून भात राखायला गेलेले अण्णा सकाळी रिकाम्या हातांनी परतायचे. बंदूक खुंटीला अडकवत म्हणायचे, "पिल्लं होती बरोबर. सोडून दिलं." आई चहा पुढे करत म्हणायची, "बरं केलंत." आम्हां पोरांना अण्णांचा केवढा अभिमान वाटायचा!

काल माझा नेम चुकला, तेव्हा घरी येऊन मी अण्णांचंच वाक्य सांगितलं. आईने चहा दिला. "बरं केलंस," म्हणाली.

आणि आज सकाळी तिनेच या दुकानाचा पत्ता लिहून माझ्या खिशात ठेवला.