भिंतीचं वय

दिनानाथने अंगठा थुंकीने ओला केला आणि भिंतीवरच्या तपकिरी ओघळावर घासला. अंगठा तपकिरी झाला. त्याने तो नाकाशी नेला. चहा!

"मारोती, हे बारावं," तो म्हणाला. शिपाई मारोतीने तांबड्या रंगाच्या डब्यात ब्रश बुडवला.

उलव्याजवळच्या त्या कोळीवाड्यात सकाळपासून हेच चाललं होतं. नव्या शहरासाठी जमीन घेतली जात होती. दहा वर्षांपेक्षा जुनी घरं राहणार, बाकीच्या घरांच्या दारावर फुली मारायची आणि ती पाडायची. कुठलं घर कधीचं, हे कागदोपत्री नव्हतंच. ते भिंती बघून ठरवायचं काम कचेरीने दिनानाथवर टाकलं होतं, कारण खोटं जुनेपण त्याच्याइतकं कोणालाच ओळखता यायचं नाही. तो स्वतःच ते करायचा.

दर रविवारी वाशीच्या फ्लॅटमध्ये तो आणि शेजारचे निवृत्त सुभेदार मोहिते जेवणाच्या टेबलावर शिशाच्या सैनिकांची लढाई लावायचे. फासे टाकायचे, पलटणी सरकवायच्या. लढाईला गाव लागायचं. ते दिनानाथ करायचा, पुठ्ठ्याच्या बोटभर घरांचं. कोरं घर सुभेदारांना चालायचं नाही. "माणसं राहिलेली दिसली पाहिजेत," ते म्हणायचे. मग दिनानाथ काळ्या चहाचे ओघळ सोडायचा, स्टोव्हची काजळी बोटाने चोळायचा, खिळ्यांचा गंज खरवडून खिडकीखाली लावायचा. दोन तासांत घर पन्नास वर्षांचं!

आणि आज सगळं गावच त्याला आपल्या टेबलावर मांडल्यासारखं दिसत होतं. ओघळ छपरापासून निघायचे सोडून भिंतीच्या मधूनच सुरू झालेले. चूल एका बाजूला, काजळी भलतीकडेच. अकरा घरं झाली, अकरा फुल्या. नक्की कोणीतरी सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं. सरपंचाने? की कचेरीतल्याच कोणी? एका बाईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्याला तिचाही संशय आला. तो तहानलेलाच पुढे निघाला होता.

बाराव्या घराच्या दारात म्हातारी बायजा उभी होती. मासे कापता कापता उठून आलेली.

"मावशी, हा चहा आहे," दिनानाथ म्हणाला.

"हाय. चाच हाय."

इतक्या सरळ कबुलीने तो जास्तच सावध झाला. "म्हणजे घर नवं."

"जुनं हाय, म्हनून तं चा लावला." मारोती हसला. तिने तिकडे बघितलंही नाही. "जत्रेला गावकीनं ठरवलं, समद्यांनी चुना मारायचा. मारला. मंग तुमची नोटीस आली. पांढरी भिंत बघून साहेब नवं लिवल, म्हनून आमी बायका घाबरलो. जुनं दिसाया शेन लावलं तं वास येतो, म्हनून चा लावला."

गोष्ट जरा जास्तच जुळवलेली वाटली त्याला. मारोतीने ब्रश उचलला. "साहेब, मारू फुली?"

"थांब रं," बायजा म्हणाली. तिने हातातली सुरी पदराला पुसली आणि दिनानाथपुढे धरली. "खरवड, साहेबा."

तिचं खोटं पकडायलाच त्याने खरवडलं. चहाखाली पांढरा चुना निघाला. त्याखाली निळसर. मग पुन्हा पांढरा. मग पिवळा.

"ह्यो माज्या पोराच्या, गनूच्या लग्नाचा," बायजा म्हणाली. "आता तेला दोन पोरं हायेत."

अजून तीन पापुद्रे गेले आणि सुरी एका काळपट थरावर आली. बायजाने त्या थरावर बोट ठेवलं.

"चुना दर वर्साला मारतो, त्या सालाला नाय मारला," ती म्हणाली. "धनी खाडीत गेला, तो परत आलाच नाय."

दिनानाथने वाकून बघितलं. वाळलेलं शेवाळ, त्यात मिठाचे बारीक कण, धुराची तेलकट साय. असा रंग त्याला एकाही रविवारी जमला नव्हता. त्याने ओला अंगठा घासला. काहीच निघालं नाही. आणि त्या थराखालीही चुना होताच, एकाखाली एक.

तो तसाच वाकलेला राहिला. त्याच्या घरांना चहाखाली नुसता पुठ्ठा असायचा. सकाळपासून एकाही दारात तो चहाच्या पलीकडे गेला नव्हता.

"साहेब, मारू ना फुली?" मारोतीने पुन्हा विचारलं.

"ब्रश ठेव खाली," दिनानाथ म्हणाला. "कोणाकडे रॉकेल मिळतंय का बघ. त्या अकरा दारांवरचा रंग वाळायच्या आत पुसायचाय."