आधी फेडलेला नवस

“तू हात पसरून घेतलंस आणि शब्द मोडलास!”

अबिगाईल छताकडे बघून बोलली. हॉस्पिटलमधून घरी येऊन तास झाला नव्हता. शारजात, अल नहदा भागातल्या इमारतीच्या सतराव्या मजल्यावर, दार उघडताच समोर बाळाचा पाळणा. त्याचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं.

नवस तिचाच. बाळ जिवंत हातात आलं, तर एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावानं मलिदा करीन. ओल्या खोबऱ्यात कालवलेले गोड पोहे, वर पाच फळं. पण प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष हवेत, आणि इथे दहा जमवता जमवता जीव जातो. जमले तेव्हा त्यातले दोघं सुट्टीवर निघालेले. नवरा, शालोम, म्हणाला, “सातवा लागलाय, रिपोर्ट नॉर्मल आहेत. आत्ताच उरकून घेऊ.”

शनिवारी मलिदा झाला. मंगळवारी बाळ हलायचं थांबलं.

फोन स्पीकरवर होता. ठाण्याहून सासूबाई रडत होत्या, रडता रडता बोलतही होत्या. “तरी मी म्हटलं होतं, नवस आधी फेडू नये. आपल्या पूर्वज याकोबानंसुद्धा देवाला अट घातलीच ना? खायला दे, ल्यायला दे, सुखरूप घरी ने, मग तू माझा देव. आधी त्यानं द्यायचं, मग आपण.”

“आई, खलास, बस झालं. ठेवतो,” शालोम म्हणाला.

“त्यांचं बरोबर आहे,” अबिगाईल म्हणाली. “याकोबाचा भरवसा नव्हता, त्याला सगळं मिळालं. मी भरवसा ठेवला.”

शालोमनं फ्रीजमधून मलिद्याचा उरलेला डबा काढला आणि गुपचूप कचऱ्याकडे निघाला. तिनं तो हातातून ओढून घेतला. झाकण उघडलं. खोबरं आंबलं होतं.

“उरकून घेऊ असं मीच म्हटलं ना,” तो पुटपुटला.

“तुला नाही विचारत मी.”

तिच्या गाऊनवर छातीशी दोन ओले डाग पसरत होते. तिनं खाली बघितलं, मग पुन्हा वर.

“पोहे घेतलेस. फळं घेतलीस. हे बघ, दूधसुद्धा आलंय. माझ्याकडून काय राहिलं होतं? बोल. गप्प बसू नकोस, बोल!”