मागची सीट

आजऱ्यातल्या चहाच्या टपरीपुढे मधुकर गवसांनी तिसऱ्यांदा बटण दाबलं, तरी साडेसहाशे सीसीची टूरिंग मोटरसायकल सुरू होईना. दोन्ही बाजूंच्या पेट्या सामानाने भरल्या होत्या, आणि त्यांच्या पत्नी नलिनीताई हेल्मेट घालून मागे बसल्या होत्या.

हल्ली सगळ्याच गाड्यांच्या हँडलच्या मुठी चालकाचा हात ओळखायच्या.

"उजव्या हाताचा कंप वाढला आहे," दोघांच्याही हेल्मेटमध्ये गाडीचा आवाज आला. "महिनाभराच्या नोंदी डॉक्टरांकडे पाठवल्या आहेत. यापुढे तुम्हाला गाडी चालवता येणार नाही."

"थंडीने झालं असेल," मधुकर पुटपुटले.

"चार महिने चहाचा कप डाव्या हाताने उचलताय तुम्ही," नलिनीताई म्हणाल्या. "मला काय दिसत नाही?"

मधुकरांनी उजवा हात जॅकेटच्या खिशात घातला. त्यांच्या वडिलांचा हात असाच कापायला लागला होता. पुढे काय होतं, ते त्यांनी जवळून पाहिलं होतं.

नलिनीताई खाली उतरल्या. "सरका मागे. लायसन काय शोभेला काढलंय मी?"

त्यांच्या हातात गाडी लगेच सुरू झाली. आंबोलीचा घाट लागला. पहिल्याच वळणावर मधुकरांचा पाय सवयीने ब्रेक शोधू लागला, पण मागे ब्रेक नव्हता.

"अहो, घाबरू नका. सावकाश नेते."

मधुकरांनी जॅकेटच्या खिशातून उजवा हात बाहेर काढला आणि नलिनीताईंच्या कमरेला धरलं. तो कापत होता, आणि ते त्यांना कळत होतं. मधुकरांनी तो काढून घेतला नाही.