हजार पाकळ्यांचं खाचर

भातलावणीच्या मजुरीला आलेली चिंधी पाय चिखलात टाकणार तेवढ्यात थांबली. मागून येणाऱ्या विठूला तिनं हातानं अडवलं. खाचराच्या मधोमध भाताची रोपं लावलेली होती, पण ओळींत नाही. गोल. एका गोलाभोवती दुसरा, त्याच्याभोवती तिसरा, आणि प्रत्येक गोलाला पाकळ्या. आठ-दहा हात रुंद हिरवं कमळ पाण्यात उभं होतं.

"आबाजीदादा, आमच्या आदी कोन लावून गेलं?" तिनं विचारलं.

शेत आबाजीचं, पण त्यालाही माहीत नव्हतं. आज आवणी सुरू करायची म्हणून त्यानं काल संध्याकाळी रोपांच्या मुठी बांधावर रचून ठेवल्या होत्या. त्यातल्या चाळीसएक आता नव्हत्या. त्यानं घराकडे पाहिलं. मागच्या दारात त्याची बायको अंबाबाई स्वतःच्या हातांकडे बघत उभी होती. हात कोपरापर्यंत चिखलानं माखले होते. लुगड्याचा काठसुद्धा.

ती झोपेत चालते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ओसरीच्या बाहेर ती कधी गेली नव्हती.

विचारल्यावर तिनं हळूहळू सांगितलं. ती रोज दुपारी पोथी वाचायची. अक्षरं पन्नाशीनंतर नातीकडून शिकलेली, म्हणून शब्दाखाली बोट ठेवून वाचायची. दुसऱ्यांची पोथी महिन्यात संपते, तिला वर्ष लागायचं. काल योग्याच्या टाळूत उमलणाऱ्या हजार पाकळ्यांच्या कमळाचा अध्याय आला होता. स्वप्नात तिला पाणी दिसलं आणि पाण्याच्या आत उजेड. कुणीतरी तिच्या हातात पाकळ्या देत होतं. एक लावली की दुसरी हातात यायची. देणाऱ्याचं तोंड दिसलं नाही, पण घाई करू नको असं तो सांगत होता.

"हजार झाल्या का, ते नाय ठाव," अंबाबाई म्हणाली. मग शरमून चिंधीला म्हणाली, "उपट गं ते. सरळ लाव."

चिंधी वाकली, पण उपटायला नाही. ती चिखलात पावलं शोधत होती. आवणी करताना माणूस उलट्या पावलांनी मागे सरकतं, म्हणजे लावलेलं पायाखाली येत नाही. ओळीत ते सोपं असतं. चिंधी कमळाला पूर्ण फेरी मारून आली.

"मधनं सुरू केलंय आनि उलटी फिरत फिरत भायेर आलीय," ती म्हणाली. "एका रोपावर पाय नाय. मी तीस वर्सं लावते. डोळे उघडे ठेवून मला नाय जमायचं."

विठू म्हणाला, अंबावहिनी अशा झोपेत शेतं लावत सुटल्या तर आम्हाला आवणीला कोण बोलावणार? अंबाबाई हसली नाही. आबाजी कमळाकडे बघत राहिला. चाळीस वर्षं तो तिच्या शेजारी वाकून आवणी करत आला होता. तिचा हात चांगला आहे हे त्याला माहीत होतं. एवढा चांगला आहे हे माहीत नव्हतं. त्यानं चिंधीला सांगितलं, ते राहू दे, त्याच्या भोवतीनं लावा.

त्यांचा मुलगा जितेश रसायनीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आला. काय झालं ते त्यानं उभ्या उभ्या ऐकलं. कमळाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मागच्या दारापासून आईची पावलं धरत तो चालत गेला आणि विहिरीपाशी थांबला. तिथून त्यानं बापाला हाक मारली.

विहीर लहान, घरापुरती. तिचा कठडा एका बाजूनं ढासळलेला होता. पाणी वरपर्यंत आलं होतं. अंबाबाईची पावलं त्याच बाजूनं गेली होती. आबाजीनं खाली बसून एका पावलाच्या आणि कडेच्या मध्ये हात ठेवून पाहिला. चार बोटं मावली. अंगठा मावला नाही.

 ती इथून गेली तेव्हा तो घोरत होता.

जितेशनं सांगून टाकलं. पोथी देवळात देऊन टाकायची, आणि आजपासून रात्री मागच्या दाराला बाहेरून कुलूप. तो रागानं बोलत नव्हता. बोलताना त्याची नजर विहिरीवरून हटत नव्हती.

अंबाबाई आत गेली. हात धुऊन, लाल फडक्यात बांधलेली पोथी घेऊन आली आणि तिनं ती मुलाच्या हातात दिली.

"तुझं बरोबर हाय रं," ती म्हणाली. "दोन अध्याय ऱ्हायलेत. पन ऱ्हाऊ दे."

आबाजी उठला. घरातून पहार घेऊन आला. मागच्या दाराच्या दोन फळ्यांपैकी एकीखाली ती घालून त्यानं जोर लावला. सागाची जुनी फळी बिजागरीसकट निघाली. ती ओढत ओढत त्यानं विहिरीपर्यंत नेली आणि तोंडावर आडवी टाकली. अर्धी विहीर झाकली गेली. मग त्यानं दुसरी फळी काढली.

"बाबा, घर उघडं पडंल," जितेश म्हणाला.

"घरात कोन बुडतंय?"

दुसरी फळी दारातून दोन हात सरकली आणि पुढे हलेना. आबाजीचा दम संपला होता, तरी तो टोक सोडत नव्हता. जितेश बघत उभा राहिला. मग त्यानं पोथी आईच्या हातात परत दिली, कारण फळी उचलायला दोन्ही हात लागणार होते.