मरळीची गाबोळी

गिरजाबाईंनी जाळ्यातली मरळ उचलली आणि जळातल्या आसरादेवींचं नाव घेत तिच्या पोटावर अंगठा टेकवला. तीन वर्षं तळ्यातल्या मासळीला गाबोळी धरली नव्हती. भोईआळी म्हणे, हा विधवेच्या हाताचा दोष. यंदाही पोटं रिकामी निघाली, तर जाळं दिराकडे जाणार होतं.

कॉलेजच्या बाईंनी मात्र पाणी तपासून सांगितलं होतं, की द्राक्षबागांवरचं औषध तळ्यात उतरतं आणि माशांचे हार्मोन बिघडवतं. त्यांच्या सांगण्यावरून वर्षभर काठच्या बागांत फवारणी बंद होती.

अंगठा फिरला आणि मोहरीएवढी पिवळी अंडी तळहातावर आली. गिरजाबाईंच्या छातीवरचा धोंडाच उतरला.

“चुकलो, वहिनी,” काठावर उभा दीर पुटपुटला. “टाकू का हिला टोपलीत?”

“दिवस भरलेल्या लेकीला कुणी टोपलीत घालतं का, भावजी?” त्यांनी मरळ अलगद पाण्यात सोडली. “सुखरूप मोकळी होऊ दे.”