चूक कुठंय?

कॉम्प्युटर इंजिनिअर होऊ घातलेला माझा दादा म्हणाला, "चिमणे, पायथनमध्ये प्रोग्राम लिहिणं म्हणजे भातुकली नव्हे. तुझा प्रोग्राम चालला, तर लॅपटॉप तुझा!"

मग त्याने वर्षभरात आईला पाठवलेले सगळे मेसेज मी पायथनच्या डिक्शनरीत घातले आणि कुठला शब्द किती वेळा आला ते मोजलं. "दे" तीनशे बारा वेळा, "कुठंय" दोनशे सात वेळा. "जेवलीस" किती वेळा, असं प्रोग्रामला विचारलं, तर थेट एरर!

"फसला तुझा प्रोग्राम!" दादा खिदळला आणि स्वतःच चूक शोधायला बसला. डिक्शनरीत नसलेला शब्द मागितला की एरर येते, एवढंही या पंडिताला ठाऊक नसावं! तासाभराने तो तिथूनच ओरडला, "आई, जेवायला दे गं!"


"दे" तीनशे तेरा.